बडोद्यात जपानी-फ्रेंच बेकरीत जाताना: काय बघावं, काय घ्यावं, घरी कसं न्यावं

रावपुराकर
जपानी-फ्रेंच बेकरीत पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण थेट हिरव्या माचा (जपानी हिरव्या चहाची पूड) केककडे वळतात. माझं मत असं की सुरुवात साध्या पावापासून करावी. केकवरची मलई आणि रंग बरंच काही झाकतात, पण साध्या पावात काहीच लपवता येत नाही.

शब्दापासूनच बघा. पोर्तुगीजांचा 'पांव' आपल्याकडे पाव झाला आणि जपानात 'पान' झाला. शोकुपान (रोजचा मऊ पाव), आनपान (गोड सारणाचा), मेलनपान (वर बिस्किटाचा थर असलेला) या सगळ्यांतला 'पान' म्हणजे आपला पावच. जपानी आणि फ्रेंच पद्धतींचा मेळही आजकालचा नाही. फ्रेंच पावाचे नामवंत शिक्षक रेमाँ काल्वेल १९५४ मध्ये शिकवायला जपानला गेले. फ्रेंच बेकर फिलिप बिगो १९६५ मध्ये जपानात आले आणि १९७२ मध्ये त्यांनी कोबेजवळच्या अशिया शहरात स्वतःचं दुकान काढलं. पुढे २००२ आणि २०१२ मध्ये पॅरिसला भरलेली पाव बनवण्याची विश्वस्पर्धा जपानी संघाने जिंकली. उलट्या दिशेनेही हेच झालं. टोकियोचे सादाहारू आओकी यांनी पॅरिसमध्ये दुकान थाटून फ्रेंचांना माचाचा एक्लेअर (मलई भरलेला लांबट पफ) खायला घातला.

काउंटरचे मनात तीन भाग करा. पहिला साध्या पावांचा: शोकुपान, बागेत (लांब फ्रेंच पाव), मऊ रोल. दुसरा लोण्याच्या घड्या घातलेल्यांचा: क्रोसाँ, पेन ओ शोकोला (आत चॉकलेट). तिसरा मलईचा: एक्लेअर, शॉर्टकेक, माँ ब्लाँ (चेस्टनटच्या मलईचा). पहिल्यांदा जाताना प्रत्येक भागातलं एकेक घ्या, जास्त नको. आणि फोन करून विचारा की कोणता माल कितीला भट्टीतून निघतो. घड्यांचा माल सकाळी निघाला असेल तर तो दुपारी एकच्या आत खाल्लेला बरा. संध्याकाळी सहाला तोच क्रोसाँ घेऊन बेकरीबद्दल मत बनवू नये.

जपानी पद्धतीच्या दुकानात बऱ्याचदा ट्रे आणि चिमटा घेऊन माल आपणच उचलायचा असतो. हात लावू नका, आणि चिमट्याने दाबून मऊपणाही बघू नका.

मैदाचाळणी
रावपुराकर काकांच्या पहिल्या भागाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण शोकुपान कसा पारखायचा हे फार कमी जणांना माहीत असतं.

शोकुपान दोन आकारांत येतो. झाकणाच्या टिनमध्ये भाजलेला चौकोनी तो काकु, आणि उघड्या टिनमध्ये डोंगरासारखा फुगलेला तो यामागाता. चौकोनी पावाच्या वरच्या कडा बघा. कोपरे किंचित गोल असतील आणि कडेने फिकट पांढरी रेघ दिसत असेल तर कणीक नेमकी फुगल्यावर टिन भट्टीत गेला. कोपरे सुरीसारखे टोकदार असतील तर कणीक जास्त फुगली होती. अशा पावाची जाळी ढोबळ असते आणि तो दुसऱ्या दिवशी लवकर कोरडा होतो. बाजू आत बसल्या असतील तर भाजणं कमी पडलं किंवा टिनमधून काढायला उशीर झाला. त्या प्रकाराला जपानीत 'कंबर मोडणं' अशा अर्थाचाच शब्द आहे.

तुकडा तोडून ओढून बघा. चांगला शोकुपान तुटताना भुगा होत नाही, उभे धागे सुटतात. हा मऊपणा येतो युदानेमुळे. एकूण मैद्यातला साधारण २० टक्के मैदा तितक्याच वजनाच्या उकळत्या पाण्यात मळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मुख्य कणकेत मिसळायचा. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, पाणी धरून ठेवतो, आणि पाव तीन दिवस मऊ राहतो. तांगझोंग वेगळं. त्यात एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी ६५ अंशांपर्यंत शिजवून खळीसारखं करतात. दोन्हींचं तत्त्व एकच, पण युदानेचा पाव खायला जरा चिवट लागतो.

पिठाचे आकडेही दोन्हीकडे वेगळ्या अर्थाचे. फ्रेंच टी-५५ हा आकडा प्रथिनांचा नाही, राखेचा आहे. पीठ जाळल्यावर सुमारे ०.५ ते ०.६ टक्के राख उरते, म्हणून ५५. जपानात पीठ प्रथिनांवरून ओळखतात: क्योरिकी म्हणजे पावाचं ताकदवान पीठ, हाकुरिकी म्हणजे केकचं हलकं. बेकरीवाल्यांना "कोणतं पीठ वापरता?" असं विचारलंत तर मन लावून काम करणारा माणूस आनंदाने सांगतो.

मांडवीचा_मुलगा
घरात आजी आहेत, अंडं चालत नाही. मग अशा दुकानात त्यांच्यासाठी काही मिळेल का, की नेऊच नये?

तूपसाखर
जरूर न्या. पण काउंटरवर फक्त "एगलेस आहे का?" एवढंच विचारून भागत नाही.

नेहमीच्या साध्या शोकुपानमध्ये अंडं नसतंच. मैदा, दूध, साखर, मीठ, यीस्ट, लोणी, बस. बागेतमध्ये तर लोणीही नसतं. फ्रान्सच्या १९९३ च्या नियमाप्रमाणे 'ट्रॅडिशन' बागेत म्हणजे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, रासायनिक भर (ॲडिटिव्ह) नाही. क्रोसाँच्या कणकेतही बहुतेक वेळा अंडं नसतं, पण वरची चकाकी अंड्याच्या हाताची असते. म्हणून विचारायचं ते असं: "कणकेत अंडं आहे का, आणि वरून अंडं लावता का?" दूध-मलईचा हात लावूनही बरा रंग येतो. आधी सांगितलं तर काही जण वेगळा ट्रे काढून देतात.

एक्लेअर आणि क्रीम पफ मात्र सोडून द्या. त्यांचं कवच अंड्याच्या प्रथिनांवरच उभं राहतं. अंड्याशिवाय केलेला पफ पोकळ होण्याऐवजी बिस्किटासारखा बसतो. कास्तेला या जपानी स्पंज केकमध्ये अंडं हाच मुख्य घटक. मेलनपानच्या वरच्या बिस्किटाच्या थरात बहुधा अंडं असतं.

अंड्यापलीकडच्या तीन गोष्टी लोक विसरतात. मूस, चकचकीत आरशासारखे केक आणि काही पुडिंगांमध्ये जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यांतून येतं. जपानची स्वतःची कानतेन, म्हणजे समुद्रशैवालातलं आगार, शाकाहारी असते, तेव्हा "जिलेटिन की आगार?" हा प्रश्न विचाराच. दुसरं, कानेले या छोट्या फ्रेंच केकमध्ये रम असते. तिसरं, याकिसोबा पानसारख्या (पावात परतलेल्या नूडल्स) खाऱ्या प्रकारांत मासळीचा अर्क किंवा वुस्टर सॉस असू शकतो, आणि करीपानच्या (करी भरलेला पाव) मसाल्यात प्राणिज चरबीही असू शकते. बंद पाकिटावर हिरवा ठिपका बघा. आपल्या नियमांत अंड्याचा पदार्थही मांसाहारी खुणेखाली येतो. सुट्या मालावर खूण नसली तर तोंडाने विचारा, त्यात संकोच कसला.

मांडवीचा_मुलगा
धन्यवाद, तूपसाखरताई. आजींना आनपान आवडेल का?

पुरणयंत्र
आनपान आजींना नक्की द्या. आधी कणकेत आणि वरून अंडं नाही ना एवढं विचारून घ्या. पुरणाची सवय असलेल्या माणसाला ही चव परकी वाटत नाही.

आनपान १८७४ मध्ये टोकियोच्या गिंझातल्या किमुराया दुकानात तयार झाला. यासुबेई किमुरा यांनी यीस्टऐवजी भात आणि कोजी या बुरशीवर चालणाऱ्या साकेच्या (तांदळाची जपानी दारू) आंबवणाने कणीक फुगवली आणि आत अझुकी या बारीक लाल कडधान्याचं गोड सारण भरलं. ४ एप्रिल १८७५ ला तो मेइजी सम्राटांना दिला गेला, वर खारवलेलं चेरीचं फूल लावून. म्हणून आजही साकुरा आनपानच्या मधोमध खळगा करून फूल दाबतात.

सारणाचे दोन प्रकार. अख्खे दाणे दिसतात ते त्सुबुआन. पुरणयंत्रातून काढल्यासारखं गुळगुळीत, साल काढलेलं ते कोशिआन. पहिल्यांदा खाणाऱ्याने कोशिआन घ्यावं. करताना अझुकी शिजवून पहिलं पाणी ओतून टाकतात, त्याने तुरटपणा जातो. दाणा बोटात पूर्ण चेपला जाईपर्यंत साखर घालत नाहीत, कारण साखर पडली की दाणा पुढे शिजत नाही, टणक राहतो. कोरड्या दाण्यांच्या वजनाइतकी किंवा जराशी कमी साखर आणि शेवटी चिमूटभर मीठ. आपल्याकडे किराण्यात मिळणारी बारीक लाल चवळी घेऊन घरी जवळपास जाता येतं. राजमा घेऊ नका, साल जाड, चव वेगळी.

खराब आनपान ओळखायची खूण: कापल्यावर सारण आणि वरचा पाव यांच्यात मोठी पोकळी. सारण फार ओलं होतं, वाफ झाली आणि वरची कणीक उचलली गेली. वरचा खळगा किंवा टोचा घातलेला असतो तो याचसाठीसुद्धा.

खारीवाला_नाक्यावरचा
आता घड्यांच्या मालाबद्दल. बडोद्यात खारी कुणाला शिकवायला नको, म्हणून खारीवरूनच सांगतो. खारी आणि क्रोसाँ दोन्हींत कणीक आणि स्निग्ध पदार्थाचे थर आळीपाळीने असतात. खारीत यीस्ट नसतं, म्हणून ती कोरडी आणि कुरकुरीत. क्रोसाँत यीस्ट असतं, म्हणून बाहेर कुरकुरीत आणि आत ओलसर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. दुसरा फरक स्निग्ध पदार्थाचा. नेहमीच्या खारीत वनस्पती तूप चालतं, क्रोसाँत लोणीच हवं. वनस्पती शरीराच्या उष्णतेला पूर्ण वितळत नाही, त्यामुळे खाल्ल्यावर टाळ्याला थर चिकटल्यासारखं वाटतं. लोणी तसं चिकटत नाही. ही परीक्षा कुणालाही जमते.

एक किलो मैद्याला साधारण अर्धा किलो लोणी. तीन वेळा तीनपदरी घडी म्हणजे ३×३×३, लोण्याचे २७ थर. प्रत्येक घडीनंतर फ्रिजमध्ये विश्रांती. लाटताना लोणी १३ ते १६ अंशांत हवं. त्याहून थंड असेल तर ते थरांत तुटून तुकडे होतात आणि क्रोसाँ जागोजागी दाट लागतो. त्याहून गरम झालं तर कणकेत जिरतं आणि कापल्यावर जाळीऐवजी डबल रोटी दिसते. फुगवायची जागा २६-२७ अंश आणि ७५ ते ८० टक्के दमट हवी. ३० च्या वर गेलं की लोणी ट्रेवर गळतं आणि खालची बाजू तळल्यासारखी होते.

म्हणूनच मे महिन्यात, बाहेर पारा चाळिशीच्या वर असताना, बडोद्यात चांगला क्रोसाँ देणारी बेकरी म्हणजे जिच्या लाटायच्या खोलीत एसी १८ ते २० वर असतो. त्या मालाची किंमत जास्त असते त्यात वीज आणि तीन दिवसांची मेहनत आहे, हे लक्षात असू द्या.

तूपसाखर
एका मुद्द्यावर मतभेद आहे. आणंद आपल्यापासून इतकं जवळ आणि तरी सगळे बेकरीवाले परदेशी लोणी आणतात, त्यातलं बरंचसं नावासाठी असतं असं मला वाटतं. आपलं नेहमीचं टेबल बटरही ८० टक्के स्निग्धांशाचं असतं.

खारीवाला_नाक्यावरचा
आपल्या लोण्याचे ८० टक्के आणि परदेशी लोण्याचे ८२-८४ यांतला फरक कागदावर छोटा दिसतो, पण उरलेलं बहुतेक पाणी असतं, आणि ते पाणी थर चिकटवतं. शिवाय टेबल बटरमध्ये मीठ असतं, त्यामुळे कणकेतलं मीठ कमी करावं लागतं. तरी तुमचा मुद्दा एका बाबतीत मानतो: शिओपानला आपलं खारं लोणीच उत्तम. शिओपान म्हणजे मिठाचा रोल, एहिमे प्रांतातल्या यावाताहामा गावच्या बेकरीतून पसरलेला. ५० ग्रॅम कणकेच्या पट्टीत ८-१० ग्रॅम लोण्याची कांडी गुंडाळतात. भाजताना लोणी वितळून खाली येतं आणि रोलची खालची बाजू त्यातच तळली जाते. तळ कुरकुरीत, आत पोकळी, वर जाड मिठाचे दाणे. कांडी फ्रीझरमधून काढलेली नसेल किंवा शिवण नीट बंद नसेल तर लोणी लगेच बाहेर पळतं आणि आत काहीच उरत नाही.

शिओपान तासाभरात खा. थंड झाला की अर्धी मजा गेली.

लीलोचेवडा
बरेच जण म्हणतात माचा केक कडू आणि गवतासारखा लागतो. तो खराब असतो का?

मैदाचाळणी
कडवटपणा थोडा असणारच, तो माचाचा स्वभाव आहे. पण गवताळ वास आणि पिवळट-तपकिरी रंग म्हणजे पूड जुनी झाली किंवा उजेडात राहिली. माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची दगडी जात्यावर दळलेली पूड, क्योटोजवळचं उजी त्यासाठी प्रसिद्ध. प्रकाश, उष्णता आणि हवा या तिन्हींनी ती बिघडते. दुकानात काचेच्या बरणीत उन्हात ठेवलेली दिसली तर तिथला माचा घेऊ नका.

भाजलेल्या केकचा रंग मलईतल्या माचापेक्षा मळकट असणं स्वाभाविक आहे. भाजूनही पोपटी राहिला असेल तर रंग घातलाय का विचारा. घरी करणाऱ्यांनी पूड आधी चाळून घ्यावी, नाहीतर गाठी सुटत नाहीत. आणि लहान मुलांना देताना लक्षात असू द्या, १ ग्रॅम माचात साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन असतं.

कडू नको असेल तर होजिचा मागा. तोच हिरवा चहा भाजलेला, रंग तपकिरी, वास भाजक्या धान्यासारखा. काळ्या तिळाचा एक्लेअर मिळाला तर सोडू नका. तिळाची चटणी खाणाऱ्या घरात तो लगेच आवडतो.

सयाजीगंजची_सून
स्कूटरवरून अलकापुरीहून मकरपुऱ्यापर्यंत न्यायचं असेल तर? दुपारची वेळ.

रावपुराकर
सूनबाई, दुपारी मलईचा माल घेऊच नका असं सांगेन. घ्यायचाच असेल तर जेल पॅक घातलेली थर्मल पिशवी सोबत न्या, डबा पायांजवळ सपाट ठेवा, आणि बेकरीतून शेवटची खरेदी म्हणून उचला. ३२ अंशांच्या वर मलईचा पदार्थ तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये. पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये.

क्रोसाँ आणि बागेतसाठी थंडी नको, हवा हवी. कागदी पिशवी घ्या आणि तोंड उघडं ठेवा. गरम माल प्लास्टिकमध्ये किंवा बंद डब्यात घातला की वाफेने कवच दहा मिनिटांत मऊ पडतं. शोकुपान उलट: पूर्ण गार झाल्यावरच प्लास्टिकमध्ये, नाहीतर आत पाणी सुटून दोन दिवसांत बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये तर विशेष जपा.

परत गरम करायला मायक्रोवेव्ह नको. क्रोसाँ ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर ४-५ मिनिटं, मग २ मिनिटं जाळीवर, तेव्हा थर पुन्हा कुरकुरीत होतात. बागेतला ओला हात लावून २०० अंशांवर ५ मिनिटं. कोणताही पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. ० ते ५ अंशांत स्टार्च सगळ्यात लवकर घट्ट होतो, म्हणजे पाव बाहेरपेक्षा फ्रिजमध्ये जास्त लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर काप करून सरळ फ्रीझरमध्ये.

लीलोचेवडा
मैदाचाळणीताई, शोकुपानचं घरचं माप द्याल का? मैदा नेहमीचाच आहे.

मैदाचाळणी
देते. आधी टिनमध्ये पाणी भरून मोजा. मिलिलिटरचा आकडा ४ ने भागा, तितके ग्रॅम कणीक हवी. १८०० ते १९०० मिलिलिटरच्या झाकणाच्या टिनसाठी हे माप:

आदल्या रात्री ५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम खळखळत्या उकळीचं पाणी मळून, गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये. सकाळी २०० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम थंड दूध, २० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि युदानेचे तुकडे. नेहमीच्या मैद्याला दूध आधी ११० ग्रॅमच घाला, गरज वाटली तर उरलेलं. ८-१० ग्रॅम गव्हाचं ग्लुटेन मिळालं तर घाला, आपल्या मैद्याची ताकद कमी पडते. दहा मिनिटं मळल्यावर २० ग्रॅम मऊ लोणी, आणि पुन्हा मळणं, कणीक ताणली की पातळ पडदा होईपर्यंत. मळून झाल्यावर कणकेचं तापमान २६-२७ अंश हवं. उन्हाळ्यात मैदाही आधी फ्रिजमध्ये ठेवा.

दुप्पट झाली की तीन गोळे, १५ मिनिटं विश्रांती, लाटून गुंडाळून टिनमध्ये. टिनच्या ८० टक्के उंचीला आली की झाकण लावा. २०० अंशांवर ३२ ते ३५ मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या टिन ओट्यावर एकदा जोरात आपटा आणि पाव लगेच जाळीवर काढा. आपटल्याने आतली गरम वाफ झटकन बाहेर जाते, त्यामुळे कंबर मोडत नाही.

मांडवीचा_मुलगा
बेकरीतून अख्खा शोकुपान आणला तर काप किती जाड करावेत? दुकानदार विचारतात तेव्हा काय सांगायचं कळत नाही.

पुरणयंत्र
जपानात एक 'किन' म्हणजे किमान ३४० ग्रॅमचा पाव, आणि त्याचे किती काप ते सांगतात. सहा काप म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर जाड, आठ म्हणजे दीड, चार म्हणजे तीन. आजींना चहाबरोबर मस्का लावून द्यायचा असेल तर आठ सांगा. वर आन (आनपानचं सारण) आणि लोण्याची चकती ठेवून नागोयाच्या पद्धतीचा टोस्ट करायचा असेल तर चार. आणि पाव गरम असताना कापायला लावू नका. निदान दीड-दोन तास गार होऊ द्या, नाहीतर सुरीला चिकटून काप दबतात.